प्रोसेस संपते, रांग मागे उरते

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑपरेटिंग सिस्टिममधील मेसेज क्यूविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, संदेश द्यायचा, आणि दुसरी प्रोसेस तो वाचेपर्यंत कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, तो सांभाळून ठेवायचा, एवढीच ही सोय आहे. पत्रे निरनिराळ्या कामांतून आलेली असली, तरी बहुतेकांच्या अडचणीचे मूळ एकच दिसते. क्यू आपल्या प्रोग्रॅमची आहे असे धरून कोड लिहिला जातो. प्रत्यक्षात ती कर्नलची असते आणि कर्नलच्या नियमांनी वागते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी संदेश पाठवणारा आणि घेणारा असे दोन सी प्रोग्रॅम मी सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या जुन्या पद्धतीने लिहिले. पहिल्या दिवशी ते व्यवस्थित चालले. दुसऱ्या दिवशी मात्र पाठवणारा प्रोग्रॅम सुरू करण्याआधीच घेणाऱ्या प्रोग्रॅमने आदल्या दिवशीचा संदेश छापला. संगणक रात्रभर चालूच होता. माझे काय चुकले? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : पाठवण्यात किंवा वाचण्यात आपले काही चुकलेले नाही, आवरण्याचे काम तेवढे राहून गेले आहे. पाइप हा दोन प्रोसेसना जोडणारा मार्ग त्याची टोके धरून बसलेल्या प्रोसेसच्या जिवावर जगतो आणि सगळी टोके सुटली की त्यात उरलेले बाइटही त्याच्याबरोबर जातात. 'एमएसजीगेट' या कॉलने तयार झालेली क्यू तशी नसते. ती कर्नलच्या मेमरीत असते आणि कोणी तिला मुद्दाम काढून टाकेपर्यंत किंवा संगणक बंद होईपर्यंत तिथेच राहते. तिला तयार करणारी प्रोसेस संपली, ती चालवणारा माणूस लॉगआउट करून घरी गेला, तरी तिला काही फरक पडत नाही. आदल्या दिवशी घेणारा प्रोग्रॅम आपण कंट्रोल-सी दाबून थांबवला असेल आणि त्यानंतर आणखी एखादा संदेश पाठवला गेला असेल, तर तो रात्रभर क्यूमध्ये पडून राहिला आणि सकाळच्या पहिल्याच वाचनात हाती आला.

खात्री करून घेण्यासाठी टर्मिनलवर 'आयपीसीएस' ही कमांड 'क्यू' (-q) या पर्यायासह चालवून पाहावी. प्रत्येक क्यूची की (प्रोग्रॅम ज्या आकड्याने क्यू मागतात तो), कर्नलने तिला दिलेला क्रमांक, मालक, परवानग्या, तिने व्यापलेले बाइट आणि तिच्यात थांबलेले संदेश असे रकाने दिसतात. एकही प्रोग्रॅम चालू नसताना शेवटच्या रकान्यात १ किंवा ३ असा आकडा दिसला, तर आपले शिळे संदेश तेच. 'आयपीसीआरएम' या कमांडला त्या क्यूचा क्रमांक दिला की क्यू जाते. कोडमध्ये हेच काम 'एमएसजीसीटीएल' हा कॉल करतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : उघडी फाइल काढून टाकली तरी ती वापरणाऱ्याचे काम संपेपर्यंत टिकते, क्यू मात्र त्याच क्षणी, न वाचलेल्या संदेशांसकट नष्ट होते आणि तिच्यावर वाट पाहत थांबलेल्या प्रोसेसला त्रुटी मिळते. म्हणून क्यू काढण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर ठेवू नये, वाचणाऱ्यावर ठेवावी.

कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅमच्या शेवटी लिहिलेल्या ओळी चालतच नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात उशिरा येते. त्यासाठी कंट्रोल-सीने येणाऱ्या सिग्नलचा हँडलर, म्हणजे तो आल्यावर चालणारे फंक्शन, लिहून त्यात केवळ एक खूण बदलावी. संदेशाची वाट पाहत अडून राहिलेला वाचनाचा कॉल सिग्नल येताच 'ई-इंटर' ही त्रुटी घेऊन परततो, आणि लिनक्सवर तो आपोआप पुन्हा सुरू होत नाही. इतर वेळी ही गोष्ट त्रासाची वाटते, पण आपल्याला येथे नेमकी तीच हवी आहे : कॉल परतला, खूण पाहिली, क्यू काढली, बाहेर पडलो.

महाविद्यालयाच्या सामायिक सर्व्हरवर काम करत असाल तर आणखी एक शक्यता तपासावी. फळ्यावर लिहून दिलेली १२३४ ही की सगळ्या वर्गाने उतरवून घेतलेली असते आणि परवानगी म्हणून सर्वांना वाचू व लिहू देणारा ०६६६ हा आकडा दिलेला असतो. अशा वेळी तीस विद्यार्थी तीस क्यू वापरत नसतात. सगळे एकाच क्यूमध्ये टाकतात आणि ज्याच्या हाती जो संदेश लागेल तो घेऊन जातात.

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही प्रोग्रॅम चालू आहेत, कोणतीही त्रुटी येत नाही, पण संदेश पोचत नाही. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली की हे होते, दोन्ही प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केले की थांबते. की तयार करण्यासाठी आम्ही 'एफटोक' वापरतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : 'एफटोक' हे फंक्शन फाइलच्या नावावरून की बनवते असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. ते नावाच्या आधारे फाइल शोधते, पण की बनवताना त्या फाइलचा आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिमने फाइलला दिलेला ओळख-क्रमांक), ती ज्या डिस्कवर आहे त्या डिव्हाइसचा क्रमांक आणि आपण दिलेला एक बाइट यांचे मिश्रण करते. नवी आवृत्ती चढवताना जुनी फाइल पुसून त्याच नावाची नवी फाइल ठेवली जाते, तेव्हा नाव तेच राहते आणि आयनोड बदलतो. आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुन्या क्यूवर बसलेला असतो आणि नव्याने सुरू झालेला प्रोग्रॅम नवी क्यू उघडून तिच्यात संदेश टाकत राहतो. कीसाठी कधीही न बदलणारी, केवळ याच कामाची एक रिकामी फाइल ठेवावी आणि आवृत्ती चढवणाऱ्या स्क्रिप्टने तिला हात लावू नये. 'एफटोक' आयनोडचे केवळ खालचे १६ बिट घेत असल्यामुळे दोन निराळ्या फायलींची की क्वचित एकच येऊ शकते, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : संदेशाच्या स्ट्रक्चरमध्ये ग्राहकाचा क्रमांक आणि नाव आहे. क्रमांक बरोबर पोचतो, नावाच्या जागी मात्र कचरा येतो किंवा घेणारा प्रोग्रॅम कोसळतो. (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : आपण पाठवलेला कोडचा तुकडा पाहिला. नावाचे फील्ड कॅरॅक्टर पॉइंटर म्हणून घोषित केले आहे. क्यू स्ट्रक्चरचे बाइट जसेच्या तसे उचलून नेते. पॉइंटर ज्या जागेकडे बोट दाखवतो तिथे जाऊन अक्षरे गोळा करणे हे तिचे काम नाही. म्हणून नावाऐवजी पाठवणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीतील एक पत्ता पोचला. प्रत्येक प्रोसेसचे पत्ते स्वतंत्र असल्याने दुसऱ्या प्रोसेसमध्ये त्या पत्त्यावर भलतेच काही असते किंवा काहीच नसते. पुण्यातल्या एखाद्या घराचा क्रमांक घेऊन कोल्हापुरात ते घर शोधावे, तसे हे झाले. पॉइंटरच्या जागी ठरावीक लांबीचा, समजा ६४ बाइटचा, अ‍ॅरे ठेवावा आणि नाव त्यात नकलून घ्यावे. नाव मराठीत असेल तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. शेवटच्या शून्य बाइटची जागा सोडली तर ६४ मध्ये २१ चिन्हेच मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहायचे असल्यास अ‍ॅरे मोठा घ्यावा.

शिवाय, पाठवताना जो आकार द्यायचा त्यात सुरुवातीचे, संदेशाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याचे फील्ड मोजायचे नसते. आपण संपूर्ण स्ट्रक्चरचा आकार दिला आहे, त्यामुळे पलीकडचे काही बाइट विनाकारण वाचले जात आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सहा यंत्रांवरील सहा प्रोसेस मोजमापे पाठवतात आणि एक सर्व्हर प्रोसेस ती नोंदवून प्रत्येक मोजमापाची पोच परत पाठवते. जाणे-येणे एकाच क्यूमधून होते. मोजमापे एकामागून एक पाठवली जातात आणि पोच मधूनमधून वाचली जाते. एरवी सगळे ठीक असते, पण कामाचा जोर वाढला की सातही प्रोसेस गोठतात. सीपीयू रिकामा असतो, त्रुटी कुठेच नसते. क्यूची मर्यादा वाढवावी का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : मर्यादा वाढवल्याने हीच घटना थोडी उशिरा घडेल. ती का घडते ते आधी पाहू.

लिनक्सवर सिस्टिम फाइव्ह क्यूमध्ये एका वेळी मावणाऱ्या संदेशांची एकूण मर्यादा, कोणी बदललेली नसल्यास, १६,३८४ बाइट असते, आणि एकच संदेश ८,१९२ बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही. आपला संदेश ५१२ बाइटचा आहे असे आपण लिहिले आहे, म्हणजे ३२ संदेशांनी क्यू भरते. जोराच्या वेळी सहा यंत्रे भराभर मोजमापे टाकतात. सर्व्हर एक मोजमाप उचलतो, नोंदवतो आणि पोच टाकायला वळतो, तेवढ्यात मोकळी झालेली ती एक जागा दुसऱ्या यंत्राने घेतलेली असते. आता पोच टाकायला जागा नाही म्हणून सर्व्हर थांबतो. सर्व्हर थांबला म्हणून मोजमापे उचलली जात नाहीत. मोजमापे उचलली जात नाहीत म्हणून पुढचे मोजमाप टाकण्यासाठी सहाही यंत्रे थांबतात, आणि ती थांबल्यामुळे पोचही कोणी वाचत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याने जागा करून देण्याची वाट पाहत आहे. कर्नलच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही : सात प्रोसेस नियमाप्रमाणे झोपलेल्या आहेत.

पहिली दुरुस्ती म्हणजे जाण्याची आणि येण्याची क्यू वेगळी करणे. पोचेच्या क्यूमध्ये संदेशाचा प्रकार म्हणून त्या त्या यंत्राच्या प्रोसेसचा क्रमांक द्यावा आणि वाचताना प्रत्येकाने केवळ स्वतःच्या क्रमांकाचा संदेश मागावा. सिस्टिम फाइव्हच्या क्यूची ही सोय मला मनापासून आवडते, कारण एकाच क्यूमध्ये प्रत्येकासाठी जणू वेगळा खण मिळतो. वाचताना प्रकार शून्य दिला तर सर्वांत आधीचा संदेश मिळतो, धन संख्या दिली तर त्या प्रकारातला पहिला, आणि ऋण संख्या दिली तर तिच्या चिन्हविरहित किमतीइतक्या किंवा त्याहून लहान प्रकारांपैकी सर्वांत लहान प्रकाराचा पहिला संदेश मिळतो.

पण दोन क्यू केल्या की प्रश्न सुटला असे मानू नये, आणि येथेच अनेकांची फसगत होते. यंत्राची प्रोसेस पोच न वाचता मोजमापे टाकतच राहिली, तर पोचेची क्यू भरेल, सर्व्हर तिच्यापाशी अडेल, मग मोजमापांची क्यू भरेल आणि तीच गाठ पुन्हा बसेल. फक्त ती बसायला जास्त वेळ लागेल. खरा उपाय शिस्तीत आहे. पोच न आलेली मोजमापे प्रत्येक यंत्राची किती असू शकतील याला मर्यादा घालावी. समजा ती ४ ठेवली, तर सहा यंत्रांच्या मिळून २४ पोचा फार तर थांबतील, आणि ३२ संदेशांच्या क्यूमध्ये त्या नेहमीच मावतील. चार पोचा बाकी असतील तर पाचवे मोजमाप पाठवण्याआधी एक पोच वाचलीच पाहिजे.

तरीही एक वाट उघडी राहते. एखादी यंत्राची प्रोसेस कोसळली, तर तिच्या नावच्या पोचा क्यूमध्ये तशाच राहतात. नवी प्रोसेस नव्या क्रमांकाने येते आणि त्या जुन्या पोचांना वाली उरत नाही. असे आठ-दहा वेळा घडले की क्यू भरते. म्हणून सर्व्हरने पोच टाकताना न थांबण्याचा पर्याय वापरावा, जागा नसल्याची त्रुटी आली तर ती लॉगमध्ये नोंदवावी आणि पुढच्या मोजमापाकडे वळावे. सर्व्हरने कोणत्याही एका क्लायंटसाठी अडून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सिस्टिम फाइव्हऐवजी पॉझिक्स या नव्या मानकाची क्यू वापरायला घेतली. ५० संदेशांची क्यू मागितली की 'अवैध आर्ग्युमेंट' येते, रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, म्हणून चालवले तर चालते. साध्या युजरला अशा दोन क्यू उघडता याव्यात म्हणून मर्यादा वाढवली, तेव्हा दुसऱ्या क्यूला 'फार फायली उघड्या आहेत' असे उत्तर आले, फायली तर चारच होत्या. संदेश २० बाइटचा असतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सिस्टिम फाइव्ह हे नाव १९८३ मधील युनिक्सच्या आवृत्तीचे, पॉझिक्सच्या क्यूचे मानक १९९३ चे, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये ती २.६.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. नव्या कामासाठी आपली निवड योग्य आहे. कीऐवजी तिरप्या रेघेने सुरू होणारे नाव, संदेशांना अग्रक्रम, आणि लिनक्सवर तिचा डिस्क्रिप्टर फाइलसारखाच असल्याने नेटवर्कच्या सॉकेटबरोबर 'पोल' किंवा 'ईपोल' या, अनेक डिस्क्रिप्टरवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या कॉलमध्ये तिच्यावर लक्ष ठेवता येणे, ही तिची बलस्थाने आहेत. मॅकओएसवर मात्र ती नाही. चमूतील कोणी मॅकवर कोड कंपाइल करत असेल तर हे आधीच सांगून ठेवावे.

आपल्या दोन्ही त्रुटी कर्नलच्या मर्यादांमधून आल्या आहेत. साध्या युजरला एका क्यूमध्ये १० पेक्षा जास्त संदेश मागता येत नाहीत. ही मर्यादा 'एफएस डॉट एमक्यू' या गटातील सेटिंगमध्ये वाढवता येते आणि रूटला ती लागू नसते. तेवढ्यासाठी प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणे योग्य नाही. दुसरी मर्यादा प्रत्येक युजरच्या सर्व क्यू मिळून ८,१९,२०० बाइटची आहे, आणि ती क्यूमध्ये किती भरले यावर मोजली जात नाही, किती मागितले यावर मोजली जाते. आपण संदेशाचा कमाल आकार ८,१९२ ठेवला आहे. त्याला ५० ने गुणले की ४,०९,६०० होतात. अशा दोन क्यू बरोबर मर्यादेला टेकतात आणि वर कर्नलच्या स्वतःच्या नोंदींचा भार येतो, त्यामुळे दुसरी क्यू नाकारली जाते. त्रुटीचा मजकूर फायलींचा उल्लेख करतो म्हणून माणूस भलतीकडे शोधत बसतो. संदेश २० बाइटचा आहे तर कमाल आकार ६४ ठेवावा. मग ५० संदेशांना ३,२०० बाइट आणि थोडा वरचा भार, एवढेच लागेल.

वाचताना दिलेला बफर मात्र त्या कमाल आकाराएवढा असलाच पाहिजे. येणारा संदेश २० बाइटचा असला तरी २० बाइटचा बफर कर्नल स्वीकारणार नाही.

प्रश्न : दोन प्रोग्रॅम एका यंत्रावर नीट बोलतात. दोन स्वतंत्र डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा ठेवणाऱ्या कप्प्यांत) टाकले की एकमेकांची क्यू दिसतच नाही. शिवाय एक मोठा प्रश्न आहे. आम्ही एका पतसंस्थेचे सॉफ्टवेअर सांभाळतो. ठेव जमा झाली की सभासदाला जाणारा एसएमएस आम्ही कर्नलच्या क्यूमध्ये टाकतो. वीज गेली आणि रांगेतले एसएमएस गेले. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पहिल्याचे उत्तर लहान आहे. प्रत्येक कंटेनरला क्यूंचे आपले वेगळे विश्व मिळते, दोन्ही पद्धतींच्या क्यूंना हे लागू आहे. कंटेनर सुरू करताना 'आयपीसी' हा पर्याय देऊन ते विश्व दोघांत सामायिक करता येते.

दुसऱ्या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे, कारण पतसंस्थेचा सभासद त्या एसएमएसवर विसंबून असतो. कर्नलची क्यू मेमरीत असते, ती डिस्कवर लिहिली जात नाही. वीज गेली की तिच्यातले सगळे जाते. वीज न जाताही संदेश हरवू शकतो. वाचनाचा कॉल यशस्वी झाला त्या क्षणी संदेश क्यूमधून निघालेला असतो. त्यानंतर एसएमएस पाठवण्याआधी प्रोसेस कोसळली, तर तो ना क्यूमध्ये राहिला ना सभासदाकडे पोचला. वाचणाऱ्याने 'काम झाले' असे सांगेपर्यंत संदेश धरून ठेवण्याची सोय येथे नाही. ती रॅबिटएमक्यूसारख्या ब्रोकरमध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये, असते, पण एका सर्व्हरवर चालणाऱ्या संस्थेने तेवढ्यासाठी आणखी एक यंत्रणा सांभाळावी असे मला वाटत नाही.

ठेवीची नोंद ज्या डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये होते, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे एसएमएस' अशा तक्त्यात एक ओळ लिहावी. दोन्ही नोंदी होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. क्यूमध्ये केवळ त्या ओळीचा क्रमांक टाकावा, आणि तोही ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्यावर. एसएमएस पाठवणारी प्रोसेस त्या क्रमांकाने जागी होईल, ओळ वाचेल, एसएमएस पाठवेल आणि ओळीवर 'पाठवला' अशी खूण करेल. क्रमांक हरवला तरी ओळ हरवत नाही, म्हणून त्या प्रोसेसने दर मिनिटाला तक्त्यात न पाठवलेल्या ओळी स्वतःहूनही पाहाव्यात. यात एक उणीव राहते : एसएमएस गेला आणि खूण होण्याआधी वीज गेली, तर तोच एसएमएस पुन्हा जाईल. ठेवीच्या बाबतीत दोनदा आलेला एसएमएस न आलेल्या एसएमएसपेक्षा बरा, पण सभासद दोनदा पैसे जमा झाले असे समजू नये यासाठी मजकुरात पावतीचा क्रमांक अवश्य घालावा.